यंदाची सहल सोलापूरला न्यावी



सहलीचा विषय निघाला की सगळेजण लांबची नावे घेतात. माझे मत वेगळे आहे. यंदाची सहल सोलापूरला न्यावी. कोणी म्हणेल, सोलापूरला तर आपण बाजाराला जातोच की! पण तेव्हा आपण काय बघतो? सात रस्त्याला उतरायचे, दवाखाना नाहीतर कापडाचे दुकान करायचे आणि परत गाडी धरायची. शहर बघायचे राहूनच जाते.

सात रस्त्याला उतरून रंगभवनावरून पायी गेले की सिद्धेश्वराचे देऊळ येते. देवळाच्या चारी बाजूंनी तळ्याचे पाणी आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन हे तळे खणले, असे सांगतात. तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला आहे. चौथीच्या पुस्तकात तट, बुरूज, खंदक हे शब्द आपण पाठ करतो. इथे दोन तट आणि खंदक डोळ्यांनी दिसतात. १५ वर्षांखालील मुलांना किल्ल्याचे तिकीटही नाही.

तिथून जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले. तिथे सर्वांनी दोन मिनिटे उभे राहावे.

मग परत सात रस्त्याला यावे आणि विजापूर रस्त्याने कंबर तलावाला जावे. आता त्याला धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात. हिवाळ्यात तिथे लांबून पक्षी येतात. काठावर बसून भाकरी-चटणी खावी आणि पक्षी मोजावेत. मात्र कागद आणि पिशव्या पाण्यात टाकू नयेत.

कोणाला नदी बघायची असेल तर पुढच्या वर्षी ह्याच विजापूर रस्त्याने हत्तरसंग कुडलला जाऊ. तिथे भीमा आणि सीना ह्या नद्या एकमेकींना मिळतात. तिथल्या देवळात शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा दगडावर बघायला मिळेल.

उन्हाळ्यात सोलापूरचे ऊन ४० अंशांच्या वर जाते. म्हणून सहल डिसेंबरातच काढावी. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा फार गर्दी होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी सहल लांब गेली. आमच्या वर्गातली पाच मुले आली नाहीत, कारण त्यांच्या घरी वर्गणीला पैसे नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही पाळण्याच्या गमती सांगत होतो आणि ती मुले खाली मान घालून पाटीवर रेघोट्या ओढत होती. ते मला बरे वाटले नाही. सोलापूरला जायला एस. टी. चे अर्धे तिकीट पुरते. १२ वर्षांपर्यंत सगळ्यांना अर्धेच आहे. डबा घरचा आणि चालायला पाय आपलेच.

ज्या सहलीला सगळा वर्ग येतो तीच खरी सहल, असे माझे मत आहे. आई-वडिलांनो, तुम्ही गुरुजींना एवढे सांगाल का?

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी