मशीन चुकत नाही?

मॉलमधील एका कपड्यांच्या दुकानात परवा सेल्फ-चेकआउटच्या यंत्रापुढे उभा होतो. ट्रेमध्ये चार कपडे ठेवले, पडद्यावर पाच वस्तू उमटल्या. पाचवी वस्तू मोज्यांची जोडी, किंमत २९९ रुपये. मोजे माझ्याकडे नव्हतेच. शेजारच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या एका बाईंच्या टोपलीत ते अगदी कडेला दिसत होते. मदतीला आलेल्या मुलाने पडदा पाहिला, माझी पिशवी पाहिली आणि नम्रपणे सांगितले, "सर, मशीन चुकत नाही."

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे शिकवले गेले तेच तो बोलला. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशी थांबायला हवे. बिल करणारे यंत्र हे मोजमापाचे उपकरण आहे, आणि कधीच न चुकणारे उपकरण अजून कुणी बनवलेले नाही.

कपड्यांच्या दुकानांतील अशी काही यंत्रे बारकोड वाचत नाहीत. लेबलमध्ये एक बारीक चिप आणि अँटेना दडवलेली असते. तिला बॅटरी नसते. ट्रेखालचे उपकरण रेडिओलहरी सोडते, त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. हे तंत्रज्ञान आरएफआयडी या नावाने ओळखले जाते. भारतात त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींची वारंवारता ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे तरंगलांबी साधारण ३५ सेंटिमीटर. अशा लहरी ट्रेच्या कडेशी निमूटपणे थांबत नाहीत. त्या धातूवरून परावर्तित होतात, पाण्यात शोषल्या जातात. शेजारच्या टोपलीतील लेबल वाचले जाणे आणि पाण्याच्या बाटलीआडचे आपलेच लेबल न वाचले जाणे, या दोन्ही चुका एकाच भौतिकीच्या पोटी जन्मतात. लहरींची शक्ती कमी केली तर पहिली चूक घटते, दुसरी वाढते.

किराण्याच्या दुकानातील बारकोडची गोष्ट वेगळी. पाकिटावरच्या त्या १३ अंकांत किंमत नसतेच. त्यातील शेवटचा अंक आधीच्या बारांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर यंत्राला तत्काळ कळते. किंमत मात्र दुकानाच्या संगणकात असते. फळीवर २० टक्के सवलतीची पाटी आणि संगणकात जुनाच भाव, ही चूक कोणताही तपासणी अंक पकडू शकत नाही. कोड अचूक वाचला जातो आणि बिल चुकते!

पूर्वी अशी चूक झाली की ती कॅशियरची, म्हणजे दुकानाची असे. आता बटण ग्राहक दाबतो, म्हणून चूकही त्याचीच धरली जाते; वर संशय वेगळा. या संशयाचे गणित करून पाहावे. समजा, १००० ग्राहकांपैकी १० जण एखादी वस्तू न नोंदवता नेतात. यंत्र त्यांतील ९ जणांना पकडते आणि उरलेल्या ९९० प्रामाणिक ग्राहकांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून घंटा वाजवते. (आकडे माझे, केवळ हिशेबापुरते.) म्हणजे ९ घंटा खऱ्या आणि सुमारे ५० खोट्या. यंत्र दहांतले नऊ चोर पकडते हे खरे, पण त्याने अडवलेल्या साधारण साडेसहा माणसांमागे चोर एकच. घंटा वाजल्याबरोबर समोरच्याची पिशवी उघडायला लावणाऱ्याने हे गणित केलेले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की यंत्र ज्याचे, चूक खोटी ठरवण्याचा भारही त्याचाच असावा. हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यूपीआयबाबत ते स्वीकारलेच आहे. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. पैसे देण्याच्या यंत्राला जो नियम, तो वस्तू मोजण्याच्या यंत्राला का नसावा? आरएफआयडीच्या बाबतीत तर पुरावा दुकानाच्या हाती असू शकतो. एकाच प्रकारच्या सगळ्या पाकिटांवर बारकोड सारखाच असतो, पण चिपमध्ये प्रत्येक नगाचा स्वतंत्र क्रमांक साठवता येतो. वाद झाला की ही नोंद ग्राहकाला दाखवावी, आणि दाखवता येत नसेल तर ती वस्तू बिलातून वगळावी.

"दोनशे-तीनशे रुपयांसाठी कोण भांडणार?" असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. चंडीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये तीन रुपयांच्या कागदी पिशवीच्या वादात पादत्राणे विकणाऱ्या एका कंपनीला सुमारे नऊ हजार रुपये भरायला लावले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा यंत्राकडून बिल घ्यावेच, सवलतीच्या पाटीचे छायाचित्र काढून ठेवावे आणि दुकान ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फिरवावा.

मोज्यांचा निकाल शेवटी त्या बाईंनीच लावला. आपल्या यादीत मोजे आलेच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी स्वतःहून त्या मुलाला हाक मारली. त्याने कार्ड टेकवून माझ्या बिलातून मोजे काढले. यंत्रात याची नोंद 'वाचन चुकले' अशी झाली की 'ग्राहकाने वस्तू वगळली' अशी, हे मी त्याला विचारले. ते पाहण्याची सोय त्याच्या पडद्यावर नव्हती.