चकाकी गेली कुठे?

आमच्या शाळेतल्या फायबरच्या घसरगुंडीवरून उतरलं की चड्डीला पांढरी पूड लागायची. "गुरुजी, हिला चुना कुणी लावला?" मुलं विचारायची. चुना कुठला! ती उन्हाची करामत.

आपल्या जालन्यात समुद्र नाही; पण फायबरच्या होड्यांचंही असंच होतं. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या फायबरग्लासच्या शिडाच्या नौकेतून. अशा बहुतेक होड्यांवर जेलकोट नावाचा राळेचा थर असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याची वरून पूड होते. पृष्ठभाग खडबडीत झाला, की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि चमक जाते.

उपाय सोपा. आधी साबणाने धुवायचं. मग बारीक वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने घासायचं. नंतर रबिंग कंपाउंड आणि शेवटी मेणाचा हात. मेण ऊन-पाण्यापासून राखण करतं.

मी मात्र घाई केली. कोरड्या, जाड्याभरड्या पेपरने घासत सुटलो. एका कडेला जेलकोटच संपला नि आतले काचेचे तंतू वर आले! दुरुस्ती होईपर्यंत घसरगुंडी आठ दिवस बंद. मुलांची तोंडं एवढीशी झाली. चूक माझीच होती, तसं त्यांना सांगून टाकलं. दुसऱ्या बाजूला मग मुलंच म्हणायची, "गुरुजी, हळू!"

तुमच्या अंगणात उन्हात पडलेली प्लास्टिकची जुनी खुर्ची आहे? तिच्यावरून बोट फिरवून बघा. बोटाला काय लागलं, कळवा बरं का!