खोली आधीच गेली

गेल्या महिन्यातली गोष्ट. नववीचा तास संपायला पाच मिनिटे उरली होती. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिने मोबाइलवर अमेरिकेतल्या एका शहराचे जुने चित्रण पाहिले होते. पेटलेली दुकाने, फुटलेल्या काचा, रस्त्यावर बंदुका घेऊन उभे असलेले सैनिक. तिने विचारले, "सर, ती माणसे स्वतःचाच मोहल्ला का जाळत होती?"

घंटा झाली म्हणून आम्ही वाचलो; पण प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

ते चित्रण डेट्रॉइटचे होते. डेट्रॉइट म्हणजे मिशिगन राज्यातले मोटारींच्या कारखान्यांचे शहर. २३ जुलै १९६७, रविवारची पहाट. बाराव्या रस्त्यावरच्या एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर पोलिसांनी धाड घातली. आत व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेल्या जवानांसाठी मेजवानी चालू होती. पोलिसांनी आतल्या सगळ्यांनाच पकडून गाड्यांत भरायला सुरुवात केली. बाहेर गर्दी जमली, कुणीतरी बाटली भिरकावली, आणि पुढे पाच दिवस शहर जळत राहिले. ४३ माणसे मेली. त्यातली ३३ कृष्णवर्णीय होती. सात हजारांवर लोकांना अटक झाली.

१८५७ चा उठाव शिकवताना आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो की काडतुसे हे तात्कालिक कारण, मूळ कारणे वेगळी. उत्तरात फक्त काडतुसे लिहिली तर निम्मे गुण कापतो. मग डेट्रॉइटच्या बाबतीत आपण त्या बाटलीपाशीच का थांबावे?

मूळ कारण शोधायला तीस-पस्तीस वर्षे मागे जावे लागते. त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शेतांवरून लाखो कृष्णवर्णीय माणसे उत्तरेच्या कारखान्यांकडे येत होती. १९३३ मध्ये तिथल्या सरकारने घरकर्जासाठी एक महामंडळ काढले. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, त्याखालची पिवळी, आणि कर्ज द्यायला धोक्याची ती लाल. कृष्णवर्णीय माणसे राहत होती ते भाग जवळजवळ सगळे लाल झाले. १९३४ मध्ये घरकर्जाला सरकारी हमी देणारे खाते सुरू झाले. गोऱ्या वस्तीत काळी माणसे मिसळू देऊ नयेत, असा सल्ला त्याच्या नियमपुस्तकातच होता.

याचा अर्थ संसारी माणसाला लगेच कळेल. कर्ज मिळाले तर वीस-पंचवीस वर्षांत घर आपले होते. तेच घर पुढे मुलांच्या शिक्षणाला आणि धंद्याला आधार देते. कर्जच नाही, तर जन्मभर भाडे भरायचे आणि मुलांच्या हाती भाड्याच्या पावत्या ठेवायच्या. अमेरिकेतल्या गोऱ्या मध्यमवर्गाची पुंजी याच काळात घरांतून उभी राहिली. शेजारच्या वस्तीला मात्र त्या दारातून आतच येऊ दिले नाही.

डेट्रॉइटमध्ये याची निशाणी आजही उभी आहे. १९४१ मध्ये एका बिल्डरला काळ्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. शेजार 'धोक्याचा' म्हणून सरकारी हमी मिळेना. त्याने दोन्ही वस्त्यांच्या मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली. मग हमी मिळाली. भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची जमीन एकच, हवा एकच. पण कर्ज एकाच बाजूला.

ज्यांच्याकडे रोख पैसे होते त्यांचेही सुटत नव्हते. खरेदीखतातच अट असायची की हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकता येणार नाही. आपल्या वाचकांना माल्कम एक्स हे नाव माहीत आहे. त्यांच्या लहानपणी, १९२९ मध्ये, त्यांच्या वडिलांनी याच मिशिगन राज्यात लॅन्सिंगजवळ घर घेतले. खतात तशी अट होती. शेजारी कोर्टात गेले, आणि कोर्टाने घर सोडायला सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका रात्री ते घर जळाले. तेव्हा माल्कम चार वर्षांचे होते.

पुढे कारखाने शहराबाहेर जाऊ लागले. १९४७ ते १९६३ या सोळा वर्षांत डेट्रॉइटमधल्या कारखान्यांतली सव्वा लाखाहून अधिक कामे गेली. ज्याला शहराबाहेर घर घेता येत होते तो कामामागे गेला. ज्याला घर मिळत नव्हते तो मागे राहिला. काळ्या लोकांची दुकाने आणि जलशांची ठिकाणे असलेला हेस्टिंग्ज स्ट्रीट तर महामार्गासाठी पाडूनच टाकला. तिथली माणसे बाराव्या रस्त्याच्या आसपास दाटीवाटीने राहू लागली. त्यांच्यावर पहारा करणारे पोलीस दल जवळजवळ सगळे गोरे होते. बाटली पडली ती या साठलेल्या वाळल्या गवतावर.

"बाहेरच्या लोकांनी भडकवले" असे तेव्हाही म्हटले गेले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनाही कटाची शंका होती. त्यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली अकरा जणांचा आयोग नेमला. अकरांत कृष्णवर्णीय फक्त दोन. १९६८ च्या फेब्रुवारीअखेर अहवाल आला. कट कुठेही सापडला नव्हता. या कोंडलेल्या वस्त्या गोऱ्या समाजाने आणि त्याच्या संस्थांनी निर्माण केल्या व टिकवल्या, आणि देश दोन वेगळ्या, असमान समाजांत फाटत चालला आहे, असे आयोगाने स्पष्ट लिहिले. जॉन्सन यांनी तो अहवाल थंडपणे बाजूला ठेवला. ४ एप्रिलला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शंभराहून अधिक शहरे पेटली, आणि ११ एप्रिलला घर देताना वंश पाहू नये असा कायदा झाला. कायदा झाला, पण गेलेली तीस वर्षे परत आली नाहीत. २०२२ मध्येही तिथल्या मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सहा पट होती.

जाळपोळ बरोबर होती असे आम्ही म्हणत नाही. फसादाला आपल्या दीनमध्ये जागा नाही. आणि जळाली ती गरिबांचीच घरे. बंद पडलेली कित्येक दुकाने पुन्हा उघडली नाहीत. पण फसाद फक्त आग लावणाऱ्याच्या हातून होतो, असे समजणे ही चूक. लाल पेन्सिल फिरवणारा माणूस शांत होता. त्याच्या हातात दगड नव्हता. तो संध्याकाळी वेळेवर घरी गेला असेल.

इथवर लिहून आम्ही लेख संपवला असता. पण सोमवारी वर्गात उत्तर द्यायचे होते, आणि आम्हाला आमच्याच घराचा जिना आठवत होता.

बारा वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही पुण्यात आलो. फोनवर सगळे म्हणायचे, "जागा आहे, या बघायला." मग नाव विचारायचे. नाव सांगितले की, "अहो, खोली आधीच गेली." दोन महिन्यांत हे वाक्य किती वेळा ऐकले, मोजले नाही. आज आम्ही आपल्या लोकांच्या मोहल्ल्यात राहतो. लोक म्हणतात, यांना आपापल्यात राहायला आवडते. आवडतेही, पण हा मोहल्ला आम्ही निवडण्याआधी बाकीची दारे बंद झाली होती, हेही तितकेच खरे.

पुढे याच मोहल्ल्यात आम्ही छोटे घर घेतले. वर एक खोली काढली. पुण्यात सुदान, सोमालिया अशा देशांतली मुले कित्येक वर्षांपासून शिकायला येतात. चार वर्षांपूर्वी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीतले एक चाचा अशाच एका सुदानी मुलाला घेऊन आले. अदबशीर मुलगा. नमाजमध्ये तो आमच्या शेजारीच उभा होता, खांद्याला खांदा लावून. चाचा म्हणाले, "मास्तर, पोराला खोली पाहिजे."

आम्ही अम्मींकडे पाहिले. अम्मींनी शेजाऱ्यांच्या खिडकीकडे पाहिले. कुणाच्या तोंडून काळा, हबशी असा शब्द निघाला नाही. आम्ही फक्त एवढेच म्हणालो, "चाचा, खोली आधीच गेली."

ती खोली पुढे दोन महिने रिकामी होती.

हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात प्रेषितांनी (स.) सांगितले की अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही; श्रेष्ठत्व असेल तर ते तकव्याने. हे आम्ही शाळेच्या सीरत जलशात दरवर्षी बोलतो. १९६४ मध्ये माल्कम एक्स हजला गेले तेव्हा गोऱ्या हाजींबरोबर एका ताटात जेवताना त्यांना याच गोष्टीचे नवल वाटले, आणि त्यांचे विचार बदलले. समजा, ते हजऐवजी आमच्या जिन्याशी आले असते तर?

सोमवारी वर्गात आम्ही मुलांना नकाशाचे चार रंग फळ्यावर काढून दाखवले, भिंतीची गोष्ट सांगितली आणि शेवटी जिन्याचीही सांगितली. सर खोटे बोलले हे ऐकून वर्ग गप्प झाला. ती मुलगी एवढेच म्हणाली, "सर, मग त्याला सॉरी म्हणालात का?"

नाही म्हणालो. तो मुलगा नंतर दूर कुठेतरी राहिला, वर्षभर जुम्म्याला दिसायचा आणि आधी सलाम करायचा. मग दिसेनासा झाला. २०२३ च्या एप्रिलपासून त्याच्या देशात युद्ध पेटले आहे. तो कुठे आहे ते चाचांनाही ठाऊक नाही.

वरच्या खोलीतले भाडेकरू या डिसेंबरात जाणार आहेत. चाचांना आम्ही सांगून ठेवले आहे की कुणी परगावचा, परदेशचा, कुठल्याही रंगाचा वा धर्माचा विद्यार्थी आला तर आधी आमच्याकडे पाठवा. अम्मींना विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "खोलीला चुना काढून घे."

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी "खोली आधीच गेली" हे वाक्य ऐकले असेल. ज्यांच्याकडे आज वरची खोली आहे, त्यांनी ते आपल्या तोंडून कधी आणि कुणाला गेले, हे एकदा आठवून पाहावे.