सुरक्षा समितीतील कामगाराचे म्हणणे

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळती झाली. त्याआधी, डिसेंबर १९८१ मध्ये, याच कारखान्यात फॉस्जीन वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला होता. कामगार संघटनांनी धोक्याचे इशारे दिले होते. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये त्याविषयी लिहिलेही होते. त्यांची दखल घेतली गेली नाही.

दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापनाचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक ठरली आणि समोर दिसणारा धोका व्यवस्थापनासह निरीक्षकालाही कळवण्याचा अधिकार कामगारांना मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हा अधिकार कारखान्यांबाहेरील आस्थापनांनाही लागू केला. समिती कोठे असावी, हे मात्र सरकारी आदेशाने ठरते.

खरी अडचण समितीच्या रचनेपेक्षा नोकरीच्या स्वरूपात आहे. टाकी साफ करणे, उंचावर चढणे अशी जोखमीची कामे बहुतेक ठिकाणी कंत्राटी कामगारांकडे असतात. ज्याचा गेट पास ठेकेदाराच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो दोर झिजला आहे असे सांगण्यापूर्वी दहादा विचार करतो. मार्चमधील सुरक्षा सप्ताहात शपथ घेणाऱ्यांच्या रांगेत तोही उभा असतो, हा भाग वेगळा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये मूलभूत दर्जा दिलेला १९८१ चा करार गंभीर धोक्यातून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याच्या परिणामांपासून संरक्षण देतो. आपली संहिता धोका कळवण्यास सांगते. मालकाची खात्री पटली तर तातडीने उपाय, न पटल्यास प्रकरण निरीक्षकाकडे. दरम्यान काम थांबवणाऱ्याच्या रोजीचे काय, याचे स्पष्ट उत्तर या तरतुदीत नाही.

याबाबत खाणींतील जुनी व्यवस्था अधिक उपयुक्त वाटते. १९५५ च्या खाण नियमांनुसार मोठ्या खाणींत कामगारांच्या वतीने पाहणी करणारा निरीक्षक नेमला जातो. तो आपली निरीक्षणे नोंदवहीत लिहितो आणि व्यवस्थापनाला त्याच वहीत, केलेली उपाययोजना तारखेसह नोंदवावी लागते. कारखान्यांतील समित्यांच्या इतिवृत्तांत चर्चा सविस्तर असते. ही तारीख बहुधा सापडत नाही.