खनिजाचा हिशेब जनतेपुढे मांडा

शेत दरसाल पिकते, झिजलेले यंत्र बदलता येते. परंतु खाणीतून गेलेला लोहखनिजाचा एक टनही पुन्हा जमिनीत परत येत नाही. म्हणूनच खाणपट्टेदार सरकारकडे भरतो ती रॉयल्टी हा कर नव्हे, तर खनिज काढण्याच्या हक्काचा मोबदला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने दिला. मोबदला जर जनतेच्या संपत्तीचा असेल, तर त्याचा हिशेब मागण्याचा अधिकारही जनतेचाच आहे.

हा हिशेब आजवर सरकारी दप्तराने आपण होऊन दिलेला नाही. कर्नाटकच्या लोकायुक्तांनी जुलै २०११ मध्ये वाहतूक परवान्यांची नोंद निर्यातीच्या आकड्यांशी ताडून पाहिली, तेव्हा २००६ ते २०१० या काळात सुमारे ३ कोटी टन लोहखनिज परवान्याविना देशाबाहेर गेल्याचे उघड झाले. राज्याच्या तिजोरीचे नुकसान १६,०८५ कोटी रुपयांचे ठरले. गोव्यात न्या. शहा आयोगाने २०१२ साली सुमारे ३५,००० कोटींचा अंदाज दिला. तेथील नागरी संघटनेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे त्या पट्ट्यांतील सारे खाणकाम बेकायदा होते. आणि विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी उभारण्याचा आदेश दिला. तरीही राज्य सरकारने पट्ट्यांचे नूतनीकरण केलेच. अखेर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्टे रद्द ठरविले. बल्लारी काय किंवा गोवा काय, चोरीचा मार्ग एकच: वजन कमी दाखवा, प्रत हलकी सांगा, आणि एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याच्या कागदाला भेटू देऊ नका.

२०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. जुन्या पट्टेदारांनी रॉयल्टीच्या ३० टक्के, तर लिलावाने पट्टा मिळविणाऱ्यांनी १० टक्के इतकी रक्कम त्यात भरावयाची आहे. हा पैसा ज्यांच्या विहिरी आटल्या, ज्यांच्या शेतांवर धूळ बसली, त्यांचा आहे. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या मान्यतेवाचून त्यातील योजना होऊ नयेत, असे केंद्राच्या योजनेतच म्हटले आहे. परंतु प्रतिष्ठानाची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती एकवटली आहेत. छत्तीसगढमध्ये याच निधीच्या ठेक्यांत कमिशनखोरी झाल्याच्या आरोपावरून २०२४ मध्ये अटका झाल्या. ज्या पैशावर गावाची नजर नाही, त्यावर ठेकेदाराची नजर असते, हा बोध पुरेसा आहे.

माहिती मागणारा हा हितसंबंधीयांच्या डोळ्यांत सलतो. मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात बेकायदा खाणकामाविरुद्ध लिहिणाऱ्या एका पत्रकाराचे जून २०१५ मध्ये अपहरण झाले आणि त्याचा जळालेला देह महाराष्ट्राच्या हद्दीत सापडला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील 'वैयक्तिक माहिती'चा अपवाद २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अधिक रुंद केला. व्यापक जनहिताचा मुद्दा मांडण्याची वाट शिल्लक असली, तरी ठेकेदारांची व लाभार्थ्यांची नावे नाकारण्यास नोकरशाहीला नवे निमित्त मिळाले आहे.

कंपन्यांनी दिलेले व सरकारांनी घेतलेले पैसे प्रसिद्ध करून ताळा जुळविण्याचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम २००२ साली जाहीर झाला. भारत त्यात सहभागी नाही. अशा स्वेच्छेच्या उपक्रमांनी मालकीचा प्रश्न सुटत नाही, हे खरे. पण खनिज कोणाचे हा प्रश्न विचारणाऱ्याला ते किती गेले हे आधी ठाऊक असावे लागते.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक पट्ट्याचे उत्पादन, प्रत, वाहतूक आणि भरणा गावाला कळेल अशा भाषेत दरमहा प्रसिद्ध झाला पाहिजे. प्रतिष्ठानाचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखविला पाहिजे. खाणकामगार आणि विस्थापित यांना कारभारात मताचा अधिकार हवा. पत्रकार व माहिती मागणारे नागरिक यांना संरक्षण हवे. कामगाराला खेपांची संख्या ठाऊक असते, गावाला ट्रकांची, पत्रकाराला कागदाची. हे तिघे एकत्र बसले, तर खोटा हिशेब टिकणे कठीण आहे. त्यांना एकत्र आणणे, हेच आजचे काम होय.