फक्त एक्काहत्तर हजार रनिंग!

परवा रात्री जेवून जरा आडवा होतोय तोच भोकरदनच्या आतेभावाचा मेसेज आला. चार फोटो आणि खाली, "दादा, घेऊ का? सिंगल ओनर आहे. फक्त एक्काहत्तर हजार रनिंग. सिल्लोडच्या मास्तरची गाडी आहे म्हणे, घर ते शाळा एवढीच चालली."

पांढरी स्विफ्ट डिझायर, डिझेल, २०१४ चं मॉडेल. पहिल्या फोटोत काही कळलं नाही. दुसऱ्या फोटोत मागच्या डाव्या दारावरचा पोचा दिसला आणि मी उठून बसलो. तो पोचा बुजवताना पेंटरने रंगाची छटा चुकवली होती, त्यावरून मी आणि तो तासभर भांडलो होतो. मग नंबर बघितला. गाडी माझीच!

गेल्या दिवाळीआधी मी ती विकली तेव्हा मीटरवर एक लाख बावन्न हजार आणि वर काही किलोमीटर होते. हे मला पाठ आहे कारण शेवटच्या दिवशी मी भावुक वगैरे होऊन डॅशबोर्डाचा फोटो काढला होता. (बायको हसली होती. आता तोच फोटो कामाला आला!) एक लाख बावन्न हजार ते एक्काहत्तर हजार. म्हणजे विकल्यावर माझी गाडी एक्क्याऐंशी हजार किलोमीटर मागे गेली. शिवाय मी मास्तर झालो. आयुष्यात मी कधी खडू हातात धरलेला नाही.

मास्तरची गाडी कमी चालते ही समजूत कुठून आली कोण जाणे. आमच्या भागात तर उलट आहे. इथले किती तरी शिक्षक, तलाठी, बँकवाले संभाजीनगरला राहतात आणि रोज अप-डाउन करतात. सिल्लोड ते संभाजीनगर धरा पासष्ट किलोमीटर. जाऊन येऊन एकशे तीस. वर्षाचे कामाचे दिवस दोनशे वीस धरले तरी २८,६०० किलोमीटर झाले. दहा वर्षांचे करा आणि मग मला मास्तरच्या गाडीचं कौतुक सांगा. मी स्वतः आठवड्यातून दोनच दिवस गाडी न्यायचो, बाकी एसटी झिंदाबाद, तरी दीड लाख झाले. आणि त्यातली कितीतरी वर्षं अजिंठा रस्ता खणून ठेवलेला होता. एकेक किलोमीटर गाडीने अंगावर घेतलाय. तो कुणीतरी लॅपटॉप लावून पुसून टाकला याचा, खरं सांगतो, मला पैशापेक्षा जास्त राग आला.

काम तसं अवघड नाही. पूर्वीच्या मीटरला दातेरी चाकं होती, ती उलटी फिरवताना आकडे वाकडेतिकडे बसायचे आणि जाणकाराला कळायचं. आता आकडा डॅशबोर्डातल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावायचं, नाहीतर क्लस्टर काढून चिप वाचायची, हवा तो आकडा लिहायचा. पंधरा-वीस मिनिटांत गाडी तरुण! पडद्यावरचे आकडे अगदी सरळ रेषेत दिसतात, संशयाला जागाच नाही.

एजंटने मला हे विकतानाच सांगितलं होतं. इथे माझी गोची आहे, पण लिहून टाकतो. तो म्हणाला, "साहेब, आहे असं देता का मीटर मागे घेऊ? आहे तसं दोन पस्तीस. मागे घेतलं तर दोन नव्वद कुठं गेले नाहीत. खर्च अडीच हजार." मी बाणेदारपणे नाही म्हणालो. आणि मग त्याच माणसाला, दोन पस्तीसला, गाडी दिली! हा पुढे काय करणार हे मला ठाऊक नव्हतं? होतं की. माझ्या हाताने झालं नाही एवढंच समाधान. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या केल्या, चहा घेतला, रिक्षाने घरी आलो.

त्या कोऱ्या सह्यांचा प्रताप बघा. गाडी अजून माझ्याच नावावर आहे. वाहनच्या साइटवर नंबर टाकला की मालक क्रमांक एक, म्हणजे मी. म्हणून तर ती 'सिंगल ओनर'! एक्काहत्तर हजाराची थाप माझ्या नावाने मारली जाते आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मी कळवलं नाही. एजंट करतो म्हणाला होता. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस माझ्या दारात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की गाडी कितीही हातांतून फिरली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तो मालक समजला जाईल. हे वाचल्यापासून मला रात्री ट्रकचा हॉर्न ऐकू आला तरी दचकायला होतं.

एजंटला फोन केला. तो रागावला नाही, घाबरलाही नाही. "साहेब, तुमचा काय लॉस झाला? तुमचे पैसे तुम्हाला भेटले ना? सगळेच करतात, गिऱ्हाईकालाच लागतं."

गिऱ्हाईकालाच लागतं. मला सगळ्यात बोचलं ते हे, कारण हे खोटं नाही. आपण विकत घ्यायला जातो तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? "रनिंग किती?" लाखाच्या वर आकडा ऐकला की आपण चप्पल घालतो. जुनी डिझेल गाडी दहा वर्षांत सत्तर हजार चालली हे ऐकून आपल्याला हसू यायला हवं. त्या काळी डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा लाखभराने महाग मिळायची, ती लोक घेत ते भरपूर फिरायचं म्हणून. वर्षाला सात हजार फिरणाऱ्याने डिझेल कशाला घेतली असती? हा हिशोब आपण करत नाही. आपल्याला आकडा ऐकायचा असतो आणि तो आपल्याला ऐकवला जातो. खरं सांगणाऱ्याला दोन पस्तीस, खोटं सांगणाऱ्याला दोन नव्वद. हा भाव एजंटने ठरवलेला नाही, आपण ठरवलाय.

"मग काय झालं, गाडी तर तीच आहे ना?" असं आमचे एक काका म्हणाले. नाही काका, तीच नाही. गाडीची सगळी देखभाल किलोमीटरवर चालते. कूलंट, गिअर ऑइल, क्लच, सस्पेन्शनचे बुश, सगळं. ज्या इंजिनांना टायमिंग बेल्ट असतो तो ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. मीटर ऐंशी हजाराने मागे घेतलं की नवा मालक म्हणतो अजून वेळ आहे. आणि एक दिवस घाटात बेल्ट तुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन खलास. माझ्या गाडीला चेन होती म्हणून तेवढं तरी वाचलं. पण पुढचं सस्पेन्शन लवकरच बोलणार होतं, हे मला माहीत होतं आणि एजंटला मी सांगितलंही होतं. त्याने पुढे सांगितलं असेल?

आता गंमत बघा. आमच्या सिल्लोड-भोकरदनच्या पट्ट्यात मिरचीचा बाजार मोठा. मिरची ज्या काट्यावर तोलली जाते त्या काट्याची पडताळणी करून त्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. रिक्षाच्या मीटरलाही पडताळणी आणि सील. (ते मीटर किती रिक्षावाले टाकतात हा वेगळा लेख होईल.) आणि दोन-तीन लाखांचा व्यवहार ज्या आकड्यावर ठरतो त्याला काय? काही नाही. वाहनच्या नोंदीत मालक, इंधन, विमा, पीयूसी, कर्ज सगळं दिसतं, किलोमीटर दिसत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. डीलरने अधिकृतपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आल्याचं आरटीओला कळवायचं, आणि दुकानात असताना गाडी बाहेर काढली तर हेतू, चालक, वेळ, किलोमीटर यांची नोंद ठेवायची. म्हणजे किलोमीटर ही नोंदवण्यासारखी गोष्ट आहे हे सरकारला कळतं! मग गाडी रस्त्यावर असतानाची दहा वर्षं का नाही?

आणि यासाठी नवं खातं नको, नवी इमारत नको. पीयूसी काढताना तो पोरगा नंबर प्लेटचा फोटो काढतोच. त्याने दोन पावलं पुढे जाऊन खिडकीतून डॅशबोर्डाचा एक फोटो काढावा. झाला रकाना. दर पीयूसीला एक आकडा चढला तर दहा वर्षांच्या गाडीला निदान सात-आठ आकडे मिळतील, आणि मधेच कुणी मीटर मागे घेतलं तर शाळेतलं पोरही ओळखेल. २०२५ साली महाराष्ट्रात एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या नंबर प्लेटांसाठी रांगेत उभं केलं, मुदतीवर मुदती दिल्या. ते जमलं, एक रकाना जमणार नाही?

ब्रिटनमध्ये असलेल्या माझ्या पुतण्याने मागे जुनी गाडी घेतली तेव्हा त्याने सरकारी साइटवर नुसता नंबर टाकून दरवर्षीच्या तपासणीतले मैल बघितले होते, फुकट, घरबसल्या. बेल्जियममध्ये २००६ पासून गाडी विकताना 'कार-पास' नावाचा कागद द्यावाच लागतो, आणि गॅरेजवाल्यांना दर कामाच्या वेळी आकडा कळवावा लागतो. जर्मनीत २००५ पासून मीटर फिरवणं हाच फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. नुसत्या कायद्याने भागत नाही हेही खरं. अमेरिकेत १९७२ पासून कायदा आहे, तरी तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज वर्षाला साडेचार लाख गाड्यांचा आहे. म्हणून मी कायद्यापेक्षा नोंदीच्या मागे लागलोय. आपल्याकडे फसवणुकीचं कलम आहे (पूर्वीचं ४२०, जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचं ३१८), ग्राहक आयोगही आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फीसुद्धा नाही. पण खरा आकडा सिद्ध कशाने करणार?

तोवर आपलं आपण बघायचं. आतेभावाला मी सांगितलं ते इथेही लिहितो. मीटर शेवटी बघ. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुनी जॉब कार्डं मालकाकडून मागव, त्यावर प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात. अपघाताचा क्लेम झाला असेल तर सर्व्हेअरच्या रिपोर्टात असतात. मालकाला फास्टॅगचं स्टेटमेंट माग, गाडी किती वेळा कुठल्या टोलवरून गेली ते तारखेसकट कळतं. जुने ई-चलन बघ, 'घर ते शाळा' चाललेली गाडी द्रुतगती मार्गावर कशी पकडली गेली ते विचार. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २०१४ ची गाडी, सत्तर हजार चाललेली, आणि तिचा टायरचा तिसरा सेट? ब्रेकचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची कड दबलेली, स्टिअरिंग आरशासारखं चमकतंय, ही सगळी मीटरपेक्षा खरं बोलतात. चांगल्या मेकॅनिकला पाचशे-हजार देऊन स्कॅनर लावायला सांग, काही गाड्यांत इंजिनच्या आणि एबीएसच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळा आकडा राहून जातो. यातला कुठलाही कागद द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर इसार द्यायचा नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, म्हणजे गाडी तुझीच. मग चांगलीच असणार. तू सांभाळून वापरतोस." मी म्हटलं, अरे पण मीटर! तर म्हणतो, "ते राहू दे. एक्काहत्तर दिसतंय ते बरंच आहे. दोन वर्षांनी विकताना मलाच कामाला येईल."

मी काहीच बोललो नाही. फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला खऱ्या मीटरचा फोटो आणि माझ्याकडच्या सगळ्या जॉब कार्डांचे फोटो पाठवले, आणि लिहिलं की घ्यायचीच असेल तर दोन पस्तीसच्या वर एक रुपया देऊ नकोस आणि नाव आठवड्यात लावून घे. आत्याला वेगळा फोन केला. एजंटला लेखी कळवलं, त्याची प्रत आरटीओला. उत्तर अजून आलेलं नाही. साइटवर रोज सकाळी नंबर टाकून बघतो. आज सकाळपर्यंत तरी गाडी माझीच आहे.

ता. क. : पुण्याच्या काकूंनी फोनवर विचारलं, "तुमच्या नव्या गाडीचं रनिंग किती?" काकू, नवी गाडीही जुनीच घेतली आहे. एक लाख अठरा हजार. कागद आहेत, या बघायला.