पीएचडीच्या उंबरठ्यावर थांबलेली शिष्यवृत्ती

साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. हार घातले जातात, भाषणे होतात, पुढारी फोटो काढून घेतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हाच विद्यार्थी शिकून डॉक्टरेट झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जायचे कुठे?

माण-खटावचा, जत-आटपाडीचा आमचा मुलगा रयतच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' करीत बी.एस्सी. होतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. होतो. पेशीविज्ञानात पीएचडीही करतो. घरच्यांना वाटते, पोरगं आता प्रोफेसर झालं. पण विज्ञानात पीएचडी ही फक्त पायरी आहे. त्यानंतर दोन, चार, कधी सहा वर्षे एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून राबावे लागते. ती हंगामी जागा असते. प्रकल्पाचा पैसा संपला की जागा संपली. २०२३ च्या सुधारित दरानुसार केंद्राच्या प्रकल्पात पहिल्या श्रेणीच्या संशोधन सहयोगीला महिना ५८ हजार रुपये आणि घरभाडे मिळते. ज्याच्या मागे शेती आहे, शहरात घर आहे, त्याला ही वर्षे काढता येतात. ज्याच्या पगाराकडे बहिणीचे लग्न आणि बापाचे औषधपाणी डोळे लावून बसले आहे, तो तासिका तत्त्वावर कुठेतरी शिकवू लागतो आणि विज्ञानातून कायमचा उठतो.

या वर्षांचे मोल काय, ते त्वचेच्या कर्करोगावरील संशोधनात स्वच्छ दिसते. आपल्याच शरीरातील टी-पेशींना कर्करोगाशी लढायला लावणे याला इम्युनोथेरपी म्हणतात. या पेशींना ब्रेक असतात. ते सोडवण्याच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर असे पहिले औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाले. डॉ. राहुल पुरवार त्याच काळात बोस्टनला हार्वर्डमध्ये पोस्टडॉक होते. मेलॅनोमाविरुद्ध लढणाऱ्या टी-पेशींवरील त्यांचा निबंध २०१२ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. पुढे ते पवईच्या आयआयटीत आले आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर रक्ताच्या कर्करोगावर नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धती उभी केली. २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. परदेशात जो उपचार तीन-चार कोटींना पडतो, तो सुमारे एक दशांश किमतीत इथे आला. बोस्टनची ती वर्षे नसती तर पवईचे हे काम झाले असते का?

कुणी म्हणेल, मेलॅनोमा हा गोऱ्यांचा आजार, त्याच्याशी आपल्याला काय करायचे? आजार आपल्यातही आहे, फक्त जागा वेगळी आहे. सावळ्या माणसाला तो बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो. उसाच्या फडात अनवाणी राबणारी बाई त्याला कुरूप समजते, कापून काढते, बिब्बा लावते. मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. (मिरज म्हणजे डॉ. वानलेस यांच्यापासूनचे रुग्णांचे गाव.) गोऱ्या कातडीवरच्या मेलॅनोमाला जी औषधे गुण देतात, ती तळपायाच्या मेलॅनोमावर कमी चालतात. २०२४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीचा काच वर्षानुवर्षे बसून झालेल्या जखमेतला त्वचेचा कर्करोग नोंदवला. ही कातडी, हा तळवा, ही नाडी ज्याने घरात पाहिली आहे, तो प्रयोगशाळेत बसला तर त्याचे प्रश्नही वेगळे असतील. टाटामध्येच डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कर्करोगावर निव्होलुमॅबचा नेहमीच्या मात्रेच्या सुमारे ६ टक्केच डोस देऊन पाहिला आणि एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. गरिबाला परवडेल का, या प्रश्नातून निघालेले हे संशोधन आहे. मिश्री लावणाऱ्या आमच्या आयाबायांसाठी त्याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

आता सरकारचा हिशेब पाहा. बार्टीची अधिछात्रवृत्ती पीएचडीपर्यंत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीला. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही तेवढीच, आणि तिचेही हाल असे की २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना पत्रे दिली. बाकीच्यांना सांगितले, निधी असेल तर पाहू. नोकरीचे काय? केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षकांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये झाला. त्याच्याच परिशिष्टात होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्थांना सूट दिली आहे. टाटा मेमोरियल सेंटर त्याच यादीत आहे. म्हणजे कर्करोग संशोधनाच्या सर्वात मोठ्या दारावर आरक्षणाला मज्जाव! उत्कृष्टतेला आमचा विटाळ होतो काय?

बाबासाहेबांनाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० ला पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. घेऊनच थांबले. आज शाहू महाराजांचे नाव योजनेला आहे, पण अर्धवट राहिलेल्याला पुन्हा पाठवण्याची तरतूद त्या योजनेत नाही.

आमची मागणी साधी आहे. बार्टीने विज्ञान आणि वैद्यकासाठी तीन वर्षांची पोस्टडॉक अधिछात्रवृत्ती सुरू करावी, ती दर महिन्याला वेळेवर द्यावी आणि परदेश शिष्यवृत्तीत पोस्टडॉकच्या जागा ठेवाव्यात. सातारा-सांगलीच्या आमदार-खासदारांनी हा प्रश्न सभागृहात मांडावा आणि २०१९ च्या कायद्यातील त्या परिशिष्टावर आपले मत काय, तेही सांगावे. येत्या ७ नोव्हेंबरला ते साताऱ्याच्या त्या शाळेत हार घेऊन येतील, तेव्हा आम्ही त्यांना हेच विचारणार आहोत.